नमुन्याच्या सीटवरचं हळदीकुंकू

खंडेनवमीला कारखान्यात झेंडूचा आणि रेक्झिनचा वास एकत्र आला, की मला सत्तरच्या दशकातली साताऱ्याची आमची पत्र्याची शेड आठवते. वडील तिथं मोटारींच्या सीटा शिवायचे. पुण्याच्या एका मोटार कंपनीनं पहिल्यांदाच नमुना मागवला होता आणि तो नापास झाला तर शेड बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पांढऱ्या रेक्झिनची सीट तयार होती, दुपारी टेम्पो निघायचा होता. सकाळी आईनं शिलाई मशीन पुजलं, कात्र्या पुजल्या आणि त्याच भक्तिभावानं सीटच्या मधोमधही हळदीकुंकवाची बोटं ओढली. वडिलांनी घाबरून साबणाचं फडकं घेतलं. “आवं मालक, साबण नगं, हळद लाल हुईल!” आटपाडीचा म्हातारा कारागीर ओरडला, पण तोवर तळहाताएवढा लाल डाग पसरला होता. मग लिंबू झालं, रॉकेल झालं. बोटं सोलली तरी आई पदरानं घासतच राहिली. “ऱ्हाऊ दे आता,” एवढंच वडील म्हणाले. सीट नापास होऊन परत आली, शेडला कुलूप लागलं. आमचा कारखाना पुन्हा उभा राहिला तो फार नंतर. आज ती सीट आमच्या ऑफिसात काचेच्या पेटीत आहे. तो डाग शुभशकुनाचा, असं मी पाहुण्यांना हसत सांगतो. आईनं त्या दिवसानंतर पूजेचं ताट कधीच हातात धरलं नाही, हे सांगत नाही.