चौथी ब आमच्या हॉलमध्ये भरते

किस्से गोळा करायला मुद्दाम कुठे जावं लागत नाही. एका बाकड्यावर रोज पाऊण तास बसायचं, मोबाईल पर्समध्ये टाकायचा आणि शेजारच्याला "काय म्हणतेय शाळा?" एवढंच विचारायचं. बस्स! घरी जाताना पिशवी भरलेली असते.

आमचं बाकडं नवीन पनवेलमधल्या एका थेरपी सेंटरच्या जिन्याजवळ आहे. मुलं आत आणि आम्ही बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी. कुणाचं मूल बोलत नाही, कुणाचं एका जागी बसत नाही. माझी जुई नऊ वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. ती बोलते, पण स्वतःचं फार कमी. ऐकलेलं मात्र जसंच्या तसं, त्याच माणसाच्या आवाजात, अगदी खोकल्यासकट परत बोलून दाखवते. आमच्याकडे पाहुण्यांनी जपून बोलावं, एवढंच सांगते.

*

बाकड्यावर कुणालाच स्वतःचं नाव नाही. मी जुईची आई. माझ्या उजवीकडे सानियाची अम्मी. सानिया डाऊन सिंड्रोमची, सेंटरमध्ये सगळ्यात जास्त मिठ्या तीच वाटते. डावीकडे आर्यनचे बाबा. गळ्यात जाड चेन, पांढरे कपडे आणि आवाज असा की आतून थेरपिस्ट "शूऽऽ" करते. हे जासईचे, कंटेनर यार्डात त्यांचे ट्रेलर चालतात. आर्यन मात्र शब्दच बोलत नाही.

एकदा त्यांनी सत्यनारायणाला बोलावलं. पत्ता विचारला तर म्हणाले, "जासईत आल्याव कोनाला पन इचारा!"

आम्ही दोघी मुलींना घेऊन रिक्षाने गेलो. नाक्यावर एका काकांना विचारलं, "आर्यनच्या बाबांचं घर कुठलं हो?"

"बाबाचा नाव काय?"

आम्ही दोघींनी मोबाईल काढले. माझ्या मोबाईलमध्ये ते 'आर्यन बाबा' म्हणून सेव्ह आहेत, अम्मीच्या मोबाईलमध्ये 'आर्यन पापा'. फोन लावला तर उचलेनात, पूजेला बसलेले. तेवढ्यात दोन गल्ल्या सोडून एक लांबलचक "ऊऽऽऽ" ऐकू आलं. आर्यन खूश झाला की असाच आवाज काढतो. जुईने लगेच माझा हात ओढला आणि आम्ही आवाजाच्या मागे मागे थेट प्रसादापर्यंत पोहोचलो!

दारावरची पाटी मी तेव्हा वाचली होती. आता पुन्हा विसरले.

*

थेरपीचा एक नियम आहे. मुलाने काहीही जमवलं की ताबडतोब कौतुक करायचं, आणि नुसतं "छान" नाही, काय छान ते सांगायचं. "छान बसलीस!" "वा, स्वतः बटण लावलं!" वर्षानुवर्षं हे करून जीभ अशी वळते की समोर मूल आहे की मोठं माणूस, हेच कळेनासं होतं. सानियाच्या अम्मीने तर सासऱ्यांना भर जेवणात म्हटलं होतं, "शाब्बास, सगळी भाजी संपवली!" सासरे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण ताट लख्ख करायला लागले म्हणे.

माझं झालं ते एका शाळेच्या ऑफिसात. जुईच्या अ‍ॅडमिशनसाठी मी तिथे इतके हेलपाटे मारले होते की वॉचमन मला शिक्षिका समजून सलाम करायचा. खिडकीतले क्लार्क मात्र कधीच मान वर करायचे नाहीत. मी बोलायची, ते कॉम्प्युटरला उत्तर द्यायचे. "मॅडम बिझी आहेत." "पुढच्या आठवड्यात बघा." एके दिवशी काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी मान वर केली आणि चक्क माझ्या डोळ्यांत बघितलं!

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे वा! किती छान बघितलंत माझ्याकडे!" आणि माझ्याच हातून टाळ्याही वाजल्या.

मागे रांगेत उभे असलेले पालक दोन पावलं सरकले. त्या शाळेत अ‍ॅडमिशन मिळाली नाही हे सांगायला नको.

*

शाळा 'नाही' कधीच म्हणत नाहीत. सगळ्या आधी रॅम्प दाखवतात.

सानियाच्या अम्मीने एकामागोमाग एक शाळा पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी मुख्याध्यापिका उत्साहाने उठायच्या. "आमची शाळा सगळ्यांना सामावून घेते. या ना, तुम्हाला रॅम्प दाखवते!" रॅम्प बघून झाला की चहा यायचा आणि चहा संपता संपता कळायचं, की यंदा जागा भरल्यात.

शेवटच्या शाळेत मुख्याध्यापिका रॅम्पच्या वरच्या टोकाला उभ्या राहून स्लोप समजावत होत्या. तेवढ्यात सानिया त्यांच्या हाताखालून निसटली आणि तीरासारखी खाली मैदानात. पाठोपाठ शिपाई, पाठोपाठ पीटीचे सर!

अम्मी शांतपणे म्हणाली, "मॅडम, माझी बच्ची ही अशी पळते. तिला रॅम्प नको, दाखिला हवाय."

हा किस्सा तिने बाकड्यावर हसत हसत सांगितला. आम्हीही हसलो. मग ती चप्पल नीट करायला म्हणून खाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. आर्यनच्या बाबांनी तिच्यासाठी पाण्याची बाटली उघडून धरली.

*

जुईला अखेर एका शाळेने घेतलं. चौथी ब. अट एकच, ती 'वर्गात मिसळली' पाहिजे. वर्षभर बघू, नाही मिसळली तर तुम्ही स्पेशल शाळेचं बघा. मिसळणं म्हणजे काय, ते मोजतात कसं, हे मी विचारलं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "ते दिसतंच हो!"

तेव्हापासून माझी सकाळ स्कूटरवर जाते. शाळेतून "आज लवकर न्या" असा फोन कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मी वडाळे तळ्यापाशी स्कूटर लावून बसते. तिथले फिरायला येणारे आजोबा मला बिचारी बेरोजगार समजतात. एकाने तर पुतण्याच्या ऑफिसात नोकरी लावून देऊ का विचारलं!

आणि संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चौथी ब भरते. जुई फ्रिजसमोर उभी राहते, तेजश्री टीचरसारखी ओढणी खांद्यावर टाकते आणि सगळा दिवस टीचरच्या आवाजात परत घेते. "गप्प बसा. पान बारा काढा. समीर, खिडकीबाहेर काय जत्रा भरलीय? रिया, डबा आत! समीर, मी काय म्हणाले आत्ता? उभा राहा!" समीर हा रोज उभा. मी त्याला पाहिलेलंही नव्हतं, पण त्याच्या डब्यात काय असतं तेसुद्धा मला माहीत झालं होतं.

सुरुवातीला आम्ही नवरा-बायको पोट धरून हसायचो. मग एका संध्याकाळी नवरा हसता हसता थांबला. म्हणाला, "हिचं नाव येतच नाही गं."

खरंच येत नव्हतं. सगळ्या वर्गाची नावं यायची, जुईचं कधीच नाही. 'जुई, वही काढ' नाही, 'जुई, गप्प' नाही. आपली मुलगी रोज युनिफॉर्म घालून, तेल लावून, डबा घेऊन जाते आणि दिवसभर तिला कुणी हाकही मारत नाही, हे तिच्याच तोंडून ऐकायला मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी टीचरला गाठलं. नवीन, साधी, भली पोरगी आहे. घाईघाईने म्हणाली, "मॅडम, तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी जुईला काहीच बोलत नाही. अगदी कोपऱ्यात, पंख्याखाली बसवते, कुणी तिला हातसुद्धा लावत नाही!"

"टीचर," मी म्हटलं, "बाकीच्यांना बोलता तसं तिलाही बोला ना."

"अय्यो, मॅडम! स्पेशल मुलांना कसं ओरडणार?"

*

शाळेची सहल कर्नाळ्याला गेली. जुईला 'सेफ्टीसाठी' घरीच ठेवा म्हणाले. आर्यन ज्या शाळेत दोन महिने टिकला होता तिथेही असंच झालं होतं. बाकड्यावर मी रडकुंडीला आले तसे आर्यनचे बाबा खवळले. "आपन नेऊ ना पोरांना! कर्नाला काय त्यांच्या बापाचा हाय?"

रविवारी त्यांनी गाडी काढली. डबे, टोप्या, हेडफोन, जास्तीचे कपडे, सगळं घेऊन निघालो. अभयारण्यात जागोजागी पाट्या, पक्षी बघायचे असतील तर शांतता पाळा. आता आमची मुलं! आर्यन बोलतच नाही. जुईसमोर कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे तिच्याकडेही परत बोलायला काही नव्हतं. सानियाने तोंडावर बोट ठेवलं ते काढलंच नाही, उलट आर्यनचे बाबा खोकले तेव्हा त्यांनाच डोळे वटारले.

बाहेर पडताना गेटवरचा गार्ड कौतुकाने म्हणाला, "एवढी शिस्तीची पोरं मी इथे बघितली नाहीत हो! परवा एक शाळा येऊन गेली, सगळे पक्षी उडवून लावले. ही कुठल्या शाळेची?"

आर्यनच्या बाबांनी आर्यनची टोपी नीट केली.

"कुठल्याच नाय, साहेब."

*

वर्ष संपत आलं तसं 'जुई मिसळली नाही, स्पेशल शाळेचं बघा' म्हणून शाळेतून बोलावणं आलं. मी एकटी जाणार म्हटल्यावर आर्यनचे बाबा स्वतःहून सोबत आले. पांढरे कडक कपडे, चेन, काळा चष्मा. शाळेला वाटलं कुणीतरी पुढारी आले! जिथे मला आजवर स्टूल मिळालं होतं तिथे गादीच्या खुर्च्या आल्या, सरबत आलं, मोठ्या मॅडम स्वतः दारापर्यंत आल्या. मी पहिल्यांदाच त्या खोलीत पूर्ण वाक्य बोलले. मुलगी कोपऱ्यात बसली तर मिसळणार कशी, हे एकदाचं म्हणून टाकलं. तिला समीरच्या शेजारी बसवा, एवढीच विनंती केली. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण परीक्षेपर्यंतच. तोवर मिसळली नाही तर आमचा निर्णय तोच.

निघताना मॅडमनी अदबीने विचारलं, "साहेब, आपण कुठल्या पक्षाचे?"

"मी? मी जुईच्या आईच्या बाजूला बाकड्याव बसतो."

*

मागच्या बुधवारची गोष्ट. नवरा नुकताच घरी आला होता, मी पोळ्या करत होते. हॉलमध्ये चौथी ब भरली. "गप्प बसा. पान चाळीस. रिया, डबा आत!" रोजचंच, म्हणून माझं लक्ष नव्हतं.

मग जुई थांबली. ओढणी सावरली. आणि टीचरचा आवाज एकदम चढला.

"जुई! समीर! काय खिदळताय दोघं? मघापासून बघतेय मी! एकदा सांगून कळत नाही का, जुई? चला, दोघंही मागे जाऊन उभे राहा!"

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. नवरा एक सॉक्स काढून दुसरा तसाच ठेवून उठला. जुई फ्रिजकडे पाठ करून भिंतीला टेकून उभी राहिली आणि अगदी हळू, एका मुलाच्या आवाजात म्हणाली, "तुझ्यामुळे झालं!" आणि स्वतःच्या आवाजात हसली.

नवरा म्हणाला, "परत म्हण, जुई. परत म्हण ना बाळा."

ती परत म्हणत असतानाच माझा फोन वाजला. तेजश्री टीचर. आवाज रडवेला.

"मॅडम, सॉरी. आज माझ्याकडून चूक झाली. दोघांचं हसणं थांबेचना, माझ्या लक्षातच राहिलं नाही की ती जुई आहे. मी तिला ओरडले, सगळ्यांसमोर उभं केलं. प्लीज मोठ्या मॅडमना सांगू नका. पुन्हा असं होणार नाही."

पोळी करपल्याचा वास सगळ्या घरात भरला होता.

"टीचर," मी कशीबशी म्हणाले, "उद्या हसली, तर उद्यापण उभी करा!"