मुनवरभाईंचा फाटका भोंगा

उमरग्यात लग्न निघालं की भटजी, आचारी आणि मुनवरभाईंचा भोंगा ही तीन माणसं आधी ठरायची. रेडिओ दुरुस्तीचं त्यांचं एवढंसं दुकान हैदराबादच्या रस्त्यावर होतं. बोलायला माणूस कंजूष, पण आवाजाच्या बाबतीत भलता हट्टी.

एकसष्ट साली माझ्या लग्नात आईनं आणि मावशीनं हळदीची गाणी माइकवर म्हटली. माझ्या आईचा, गजराबाईचा गळा अख्ख्या गल्लीला ठाऊक. पण त्या दिवशी भोंग्यातून नुसती खरखर आली. "विहीणबाईंचा आवाज लईच फाटका," माझ्या सासूबाई म्हणाल्या आणि मांडव हसला. आईनं गाणं सोडलं ते सोडलंच. जात्यावरही मुकी बसायची. मला सासूचा राग आला, आईचा त्याहून जास्त. एवढ्यातेवढ्यावरून कुणी गळा टाकून देतं का?

मुनवरभाईंनी मात्र ते मनाला लावून घेतलं. माइकसमोर ते स्वतः बोलले, आवाज स्वच्छ. शीळ घातली, तीही स्वच्छ. मग भजनी मंडळाची पेटी मागून आणली आणि नूरुन्निसाभाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एक पट्टी दाबायला लावली. काही नाही. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तेव्हा कुठे चोर सापडला. दोन सुरांच्या खाली तिसराच एक सूर गुरगुरत होता, जो पेटीत नव्हताच. भोंग्याच्या यंत्रातल्या, काचेच्या दिव्यासारख्या दोन मोठ्या व्हॉल्व्हांपैकी एक म्हातारा झाला होता. एका आवाजाचं ओझं तो कसंबसं उचलायचा, दोन आले की कण्हायचा.

ते लगेच आईकडे आले. "आक्का, गळा तुमचा न्हाय, मशीन माझं फाटलंय."

"समजूत काढू नका, मुनवरभाऊ," आई म्हणाली. "चार माणसांनी ऐकलंय ते खोटं कसं?"

पुढच्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी आले. लेकीच्या बारशाला सासरची मंडळी जमली. पाळणा म्हणायचं आईनं मावशीवर ढकललं होतं. आपल्या लेकीला आजीचा पाळणा मिळणार नाही, या विचारानं माझे डोळे सारखे भरत होते. तेवढ्यात मुनवरभाई न बोलावता यंत्र घेऊन दारात उभे.

"चार माणसांनी ऐकलंय न्हवं? मग चार माणसांतच दाखवतो."

वडील हळूच म्हणाले, "अहो, मशीन खराब म्हणून कळलं तर उद्या लग्नाला कोण सांगंल तुमाला?"

"व्हॉल्व्ह सोलापुरात मिळतोय, दादा. आक्कांचा गळा कुठं मिळतोय?"

त्यांनी जुना व्हॉल्व्ह बसवला आणि पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या. तीच खरखर. "ह्या पेटीचा बी गळा फाटका का?" त्यांनी विचारलं. मग तापलेला व्हॉल्व्ह खिशातल्या दस्तीत धरून उपसला, नवा बसवला, पुन्हा त्याच पट्ट्या दाबल्या. दोन सूर निघाले, दोन्ही निर्मळ.

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "चुकलं विहीणबाई. उगंच हसलो आमी."

मुनवरभाईंनी माइक आईपुढे केला. "मावशींना बी घ्या संगं. एकटीचा आवाज कोणतंबी मशीन उचलतंय."

पहिली ओळ मावशीनंच उचलली, दुसऱ्या ओळीला आई मिळाली, आणि तिसरीपासून मला फक्त आईच ऐकू येत होती. पाळण्यात लेक केव्हाच झोपली. आई गातच राहिली.