रंगमास्तरांचा हिरवा

रंगमास्तर ट्यूबलाइटखाली कुठलाही रंग बघत नसत. "दिव्याखाली रंग खोटं बोलतो," म्हणायचे. सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात त्यांनी आयुष्यभर सूत रंगवलं. मी तिथंच कारकून होतो. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी दहाला मी त्यांच्या घरी जायचो, कारण त्या उजेडात ते कपाट उघडत.

कपाटात चार जुन्या चिनी फुलदाण्या होत्या. सेलाडॉन म्हणतात त्यांना. भाजलेल्या मातीवर हिरवट झिलई. जुन्या बंगल्यांचं सामान विकलं जाई तेव्हा मास्तरांनी एकेक मिळवलेली. सगळ्यांत उंच होती तिच्यावर त्यांचा जीव. "चिंचेचा कवळा पाला. हा हिरवा आपल्या टाकीत कधी उतरलाच न्हाय." मला ती निळसर वाटायची, पण रंगात मास्तरांपुढं बोलणार कोण? पुण्याचा एक संग्राहक तिच्यासाठी दोनदा आला. अशी झिलई हातात घेतली की खाली ठेववत नाही, म्हणाला. मास्तरांनी चहा पाजून त्याला परत पाठवलं.

मग त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काकूंसह ते आठ दिवस लेकीकडं कुंभारीला राहिले. कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. परत आल्यावर रविवारी त्यांनी कपाट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "माझी फुलदाणी कुटं हाय?"

ही काय समोर, मी म्हणालो.

"ही निळी हाय. किल्ली तुमच्याकडंच हुती की."

वीस वर्षांची ओळख. त्यांनी पुण्याच्या त्या माणसाचंही नाव घेतलं. काकू चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या.

शेवटी काकूंनीच कप खाली ठेवून फुलदाणी उलटी केली. बुडाशी एक टवका होता, त्यांच्याच हातून उडालेला. मास्तरांनी त्यावरून अंगठा फिरवला. टवका तोच होता. मग त्यांनी तळहातानं एक डोळा झाकला, मग दुसरा, पुन्हा पहिला. जुन्या डोळ्याला फुलदाणी हिरवी दिसत होती, नव्याला निळसर. मोतीबिंदूनं कितीतरी वर्षं त्यांच्या नजरेवर पिवळा हात मारला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

त्यांनी माफी मागितली नाही. माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "मग कारखान्यात किती रंग चुकीचे पास केले मी?"

मी जात राहिलो. मास्तर उजव्या डोळ्यावर हात धरून फुलदाणीसमोर बसत. डाव्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, काकूंनी दोनदा पिशवी भरली. मास्तर गेले नाहीत. गेल्या हिवाळ्यात ते वारले, तेव्हाही डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू त्यांनी तसाच राखला होता.