सासूनं शिपायांना पाणी पाजलं

त्या संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात होतो. खात होतो मी, सोलत होती माझी बायको सुमन. देश घडवणाऱ्या माणसांच्या कार्यक्रमात त्या दिवशी तिच्या माहेरची, साखरखेर्ड्याची गोष्ट होती. इंग्रजांच्या वेळी तिचा बाप जंगलात लपला होता, ती. पडद्यावर शिपाई दारात आले. सुमनच्या मायचं सोंग घेतलेल्या बाईनं पदर ओढून त्यांना तांब्याभर पाणी दिलं. मागून सतार. मग एक इतिहासकार म्हणाले, शत्रूचीही तहान भागवणारी ही स्त्री!

सुमनच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय दाखवून राह्यले हे? मले इचारायले आले तवा मी सांगतलं, मायनं शिपायायले पाणी पाजलं. तर यायनं खरंच तांब्या आणला! तुमी जाऊन सांगा त्यायले."

"जाऊ," म्हटलं. त्याच आठवड्यात सुमन झोपेत गेली.

तेरवी झाल्यावर मेहुण्याचा फोन आला. तीच टीव्हीची मंडळी, तेच इतिहासकार, साखरखेर्ड्याला सत्काराच्या कार्यक्रमाला येणार होते. धामणगाव बढ्याहून निघालो. मोताळ्याला गाडी बदलली. राजूरचा घाट गाडीत उभ्यानंच चढलो. सागाची पानं झडून डोंगर उघडाबोडका झालेला. चिखलीला कचोरी घेतली, ती वातड. दुकानदार म्हणे, "काका, सकायचीच हाय." कोणत्या सकाळची, ते काही सांगेना. पुढे दोन्ही बाजूंनी काळी जमीन आणि हरभरा घाट्यावर आलेला (दाणे भरत असलेला).

मेहुणा स्टँडवर होता. "दाजी, शाल देतीन ते. घ्या आन् गुपचूप बसा," हे त्याचं पहिलं वाक्य. घरी कळण्याची भाकर (ज्वारीत उडीद घालून दळलेली) आणि भरीत होतं. जेवतानाही त्यानं दोनदा बजावलं.

शाळेच्या पटांगणात पांढऱ्या कपड्यावर तोच भाग दाखवला. तांब्या आला तशा टाळ्या वाजल्या. जावई म्हणून मला शाल दिली. मी शाल मेहुण्याकडे फेकली आणि माइक धरला.

"हे खोटं हाय. माझ्या सासूनं कोणाले पाणी देल्लं नाही. नवरा कडब्याच्या गंजीत लपला म्हणून तिनं शिपायायले सांगतलं. ते पेंढ्या उपसत बसले, तिकडून नवरा जंगलात गेला. गंजीतून निघाली शेळी. याले पाणी पाजणं म्हणतात!"

लोक हसले. इतिहासकार नाही हसले. माणूस मऊ आवाजाचा. "काका, तुमच्या भावना समजतात. पण शेळीचा उल्लेख कुठल्याच कागदपत्रात नाही."

"काऊन राहीन?" बायकांमधून आवाज आला. "शेळीनं काय अर्ज देल्ला होता?" ती जुबेदाबी, सुमनच्या माहेरची शेजारीण. "शेळी आमची होती. माझी सास दिवसभर धुंडून राह्यली होती तिले."

टीव्हीवाला म्हणाला, "आजी, मस्त किस्सा! पण आता सीन बदलता येणार नाही. आणि पाणी देताना दिसतं किती छान!"

छान दिसतं! माझं टाळकंच फिरलं. यांच्या देशात बाया सगळ्या तांब्या घेऊन दारात आणि माणसं सगळी घोड्यावर. कोणाला घाम नाही, कोणी थाप मारत नाही, कोणी शिवी देत नाही. अशानं देश झाला असता तर इंग्रज पाहुणचार घेऊन आपले आपणच गेले असते. हे सगळं मी बोललो, पण तोवर माइक बंद केला होता.

मंचावरून उतरताना जुबेदाबीनं अडवलं. "भाऊ, तुमीबी धड नाही सांगतलं. मधलं सारं खाऊन टाकलं. तुमची सासू गंजीपाशी उभी राहून रडे. 'हळू काढा वो, माझ्या धन्याच्या डोयात काडी जाईन!' म्हणून तर त्यायनं एकेक पेंढी काढली. सुमन कशी रडून दाखवे!"

खरं होतं. परतीच्या गाडीत तेच डोक्यात. सारा संसार मी ही गोष्ट ऐकली, पण सांगायची ती. मी अर्ध्यात उठून बिडी प्यायला जायचो. टीव्हीवाल्यांवर ओरडून आलो खरा, पण ती गोष्ट आता सांगणार कोण? मेहुणा तर शाल घडी करून बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं हाक मारली. "मामाजी, आजीवालं पुन्हा लागलं."

शिपाई दारात आले होते. मी आवाज बंद केला. "इकडं बस," म्हटलं. "तांब्याकडे पाहू नको. शिपाई आले, तिनं गंजी दाखवली. त्यायनं पेंढ्यायले हात लावला तशी ती रडायले लागली, हळू काढा वो..."

तिथंच थांबून मी बाहीनं डोळे पुसले.

सून मग हळूच म्हणाली, "मामाजी, मंग?"

"थांब ना जरा," म्हटलं. "खोटं रडायलेबी टाइम लागते."