अक्कांची बोटं आणि जर्मनीचा पाणघोडा

"जर्मनीत काय काय बघणार?" असं कुणी विचारलं की मी तोंड उघडायच्या आत आमच्या अक्का सांगून मोकळ्या व्हायच्या, "पाणघोडा!"

समोरच्याला हसावं की गप्प बसावं कळायचं नाही. मग अक्का आणखी खुलायच्या. "आणि जिराफ. आणि ते कोट घातलेले पेंग्विन. चार गावं हायत, चारी गावांत प्राणिसंग्रहालयं हायत. बाकी काय बघायचं न्हाय." मी शेजारी पदर तोंडात कोंबून उभी. अहो, लोक परदेशात जाऊन राजवाडे बघतात, बर्फात लोळतात, फोटो टाकून नातेवाइकांना जाळतात. आणि आम्ही दोघी जावा सोलापुराहून उठून विमानानं कुठं, तर जनावरं बघायला! पण खरं सांगते, मलाही आतून गुदगुल्याच होत होत्या.

अक्का म्हणजे रत्नम्मा, माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळं आनंद झाला की कानडीत ओरडतात आणि राग आला की मराठीत. साठी उलटली. लग्न होऊन या घरात आल्या त्या तव्यापुढं बसल्या, आणि अजून उठल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. आमच्या घरची कडक भाकरी शहरातल्या बऱ्याच दुकानांत जाते. मंगळवेढ्याची ज्वारी, उकळतं पाणी आणि अक्कांचा हात, एवढंच आमचं भांडवल. पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, मग पार कडक होईस्तवर शेकायची. गोजाबाई मदतीला येते. भावजी, म्हणजे अक्कांचे नागप्पा, स्कूटरवर पेट्या पोचवतात. मी पुडे बांधते आणि दुकानदारांशी भांडते. भांडण माझ्या अंगात आहे, त्याला इलाज नाही. थापायला मात्र मला कुणी बसू देत नाही, कारण माझी भाकरी कडेला फाटते. अक्का तिला भाकरी म्हणतच नाहीत. 'सिद्धीचं ते' म्हणतात.

पाणघोड्याचं खूळ फोनमुळं आलं. पिठाच्या डब्याला फोन टेकवून अक्का व्हिडिओ बघत थापायच्या. एकदा कुठलातरी पाणघोडा पाण्यात पडलेला दिसला. नुसता पडलेला. कान तेवढे हलत होते. अक्का त्याच्याकडं बघतच राहिल्या आणि त्यांची भाकरी करपली. त्यांची! माझी असती तर वेगळी गोष्ट.

"सिद्धी, बघ की," त्या म्हणाल्या, "एवढा मोठा जीव, आणि काय काम न्हाय त्याला. कुणी उठवत न्हाय. कुणी हाक मारत न्हाय. अय्यो, काय नशीब काढलंय!"

त्यांची लेक महेश्वरी नोकरीसाठी नवऱ्याबरोबर जर्मनीत लायप्झिगला राहते. तिला हे कळलं आणि ती फोनवर म्हणाली, "अव्वा, अगं आमच्या घरापासून ट्रामनं गेलं की मोठं प्राणिसंग्रहालय आहे. ये तू. काकूलाही आण." काकू म्हणजे मी. ऑगस्टात महेश्वरीचं तिथलं काम संपणार होतं आणि ती बंगळुरूला परत येणार होती. म्हणजे जूनमध्ये गेलो तर गेलो. नाहीतर कुठली जर्मनी आणि कुठला पाणघोडा!

मग काय विचारता. महेश्वरीनं लायप्झिग, बर्लिन आणि शेजारच्या देशांतल्या प्राग, व्हिएन्ना इथल्या प्राणिसंग्रहालयांचे नकाशे पाठवले. ते छापून आणून आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फरश्यांवर चिकटवले. चिकटपट्टी सापडेना, तर अक्कांनी ज्वारीचं पीठ ओलं करून लावलं, आणि अजून एकही निघालेला नाही. सोमवारी अक्कांचा उपास, म्हणून त्या दिवशी वाघ-सिंहाकडं जायचं नाही असं ठरलं. "त्यांचाबी उपास निघाला तर दोघंही उपाशी, बरं दिसत न्हाय," म्हणे. पाणघोड्याकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, हा तर मोठाच प्रश्न झाला. जनावरांना काही खायला घालायची परवानगी नाही, असं महेश्वरीनं सांगितल्यावर अक्का मराठीत आल्या. "पाहुण्याच्या दारात जायचं आणि नुसतं तोंड बघून यायचं? ही कुठली रीत?"

तिथं फार चालावं लागतं म्हणून आम्ही रोज सकाळी सिद्धेश्वर तळ्याकडं जायला लागलो. इरकल साडीखाली पांढरे बूट. ओळखीची एक बाई म्हणाली, "काय हो, डॉक्टरांनी सांगितलं का?" अक्का म्हणाल्या, "न्हाय, पाणघोड्यानं." एप्रिलच्या दुपारी आम्ही स्वेटर आणि माकडटोप्या घालून बघितल्या. बाहेर सोलापूरचं ऊन, आत आम्ही दोघी घामानं निथळत आरशापुढं. गोजाबाई दारात आली, आमच्याकडं बघितलं आणि परत बाहेर जाऊन बसली. "मी जरा वेळानं येते," म्हणाली.

अशा आम्ही हवेत तरंगत असताना पुणं आलं.

व्हिसासाठी पुण्याच्या कचेरीत जाऊन दहा बोटांचे ठसे द्यायचे होते. माझे एका दमात उठले. अक्कांनी काचेवर चार बोटं ठेवली आणि पडद्यावर चार पांढरे ठिपके आले. रेघ म्हणून नाही. त्या पोरीनं बोटं पुसली, मलम लावलं, दाबून बघितलं. काही नाही. तशी रेशनच्या मशीनवरही अक्कांची बोटं कधी उठली नव्हती, पण तिथं मोबाइलवर आकडा येतो आणि भागतं. इथं भागेना.

"आजी, तुम्ही काय काम करता?" पोरगी चांगली होती. अक्कांनी सांगितलं. तिनं त्यांचा हात उलटा करून बघितला. सगळ्या बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत. चाळीस वर्षं उकळत्या पाण्यातलं पीठ आणि तापलेला तवा. रेघा राहणार कुठून?

ती म्हणाली, "तीन आठवड्यांनी परत या. तोपर्यंत या हातांना काम देऊ नका. तूप, तेल, मलम, काहीतरी लावत राहा. रेघा परत येतात." त्यानंतरची तारीख मिळाली असती ती पार जुलैअखेरची. म्हणजे ही एकच संधी.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या. भिगवण गेलं, कुर्डुवाडी आली. मी त्या मशीनला, त्या कचेरीला, त्या काचेला मनसोक्त शिव्या दिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "हात हायत की, सिद्धी. बोटं हायत. मग मी कोण हाय ते त्यात का दिसंना?" मला रडूच आलं.

पण घरी पोचलो आणि मी कंबर कसली. "अक्का, आजपासून तुम्हीच पाणघोडा. पडून राहायचं. कान हलवायची तेवढी परवानगी." गोजाबाई तव्यावर आणि मी परातीपुढं. होय, मी! माझ्या भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या व्हायला लागल्या. दुकानदार भावजींना विचारायचे, "हे नवीन डिझाइन काढलंय का?" अक्का पलंगावर पडून हे सगळं ऐकायच्या आणि तळमळायच्या. झोपेत उशी थापायच्या. आम्ही त्यांच्या हातात सुती मोजे घातले, तर मोजे घालून त्या शेजाऱ्यांच्या वासराला थापटून आल्या.

आणि भावजी. ते बोलतात कमी. चारचौघांत त्यांनी अक्कांच्या बाजूला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भिंतीवरच्या फोटोचा धाक पुरतो. पण पुण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते तुपाची वाटी घेऊन आले, पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "हात."

"काय?"

"हात आण इकडं."

अक्कांचा चेहरा कानापर्यंत लाल. मी आणि गोजाबाईनं एकमेकींना अशा कोपरखळ्या मारल्या की दोघींच्या बरगड्या दुखल्या. एका हातानं दुसऱ्या हाताला तूप लावता येतं की नाही? येतं. हे घरात कुणी बोललं नाही. भावजी एकेक बोट धरून, सावकाश, टोकापासून मुळापर्यंत तूप चोळायचे. रोज. स्कूटरवरून आले की पाय धुवायचे, वाटी घ्यायची. माझे हे, गुरुबसप्पा, बघून म्हणाले, "दादाला काय झालंय?" मी म्हटलं, "तुम्हाला कधी होणार ते बघते आहे."

दोन आठवडे बरे गेले. मग गोजाबाई तापानं पडली आणि त्याच दिवशी एका लग्नघरची भाकरी द्यायची होती. शब्द गेलेला. मी एकटी. एकेक भाकरी फाटत होती, तवा धूर सोडत होता, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होता. अक्का उठून कधी आल्या मला कळलं नाही. मोजे काढून बाजूला फेकले, "सरक तिकडं," म्हणाल्या आणि वाफाळत्या पिठात हात घालायला वाकल्या.

"रत्ना!"

दारात भावजी. त्यांनी येऊन अक्कांचं मनगट धरलं. या घरात इतकी वर्षं मी आहे, भावजींच्या तोंडून अक्कांचं नाव मी ऐकलं नव्हतं. 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर त्यांचा संसार झाला. परातीतलं पीठ निवत होतं.

"लग्नघरची भाकरी हाय," अक्का हळूच म्हणाल्या.

"मी सांगतो त्यांना. सिद्धीची हाय तशी न्या म्हणतो. न्हायतर नका नेऊ." मग मनगट न सोडता, "तुला पाणघोडा बघायचाय."

अक्कांनी हात मागं घेतला. भावजी माझ्या शेजारी बसले आणि पाणी तापवायला लागले. लग्नघरच्यांनी माझ्या भाकऱ्या नेल्या, खाल्ल्या, आणि कुणी मेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते.

पुण्याला या वेळी भावजीही आले. तीच पोरगी होती. डाव्या हाताची चार बोटं उठली. उजव्या हाताची उठली. अंगठे मात्र एकदा नाही, दोनदा नाही. पोरगी म्हणाली, "आजी, जरा सैल सोडा, घाबरू नका." अक्कांनी मागं वळून भावजींकडं बघितलं. त्यांनी स्वतःचा अंगठा दुसऱ्या हातानं चोळून दाखवला. अक्कांनी तसं केलं, अंगठे ठेवले आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला. मी तिथंच अशी ओरडले की पहारेकरी धावत आला. त्याच्याशीही थोडं भांडले, आनंदानं.

अक्का पडद्याकडं बघत होत्या. त्यांच्याच अंगठ्याच्या रेघा, वळून वळून गेलेल्या, मोठ्या दिसत होत्या. "अय्यो शिवा," त्या म्हणाल्या, "हे माझं? नांगरलेलं रान दिसतंय की!"

व्हिसा आला त्या संध्याकाळी महेश्वरीचा फोन आला. नेहमीप्रमाणं स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू येईल असा. "अव्वा, सुटलीस बघ! इथं उतरल्यावर बोटं उठली नाहीत तरी कागद बघून सोडतात, काही अडत नाही. आता तो तुपाचा सोपस्कार बंद कर." आम्ही सगळ्यांनी ऐकलं. भावजी दारात बूट काढत होते, त्यांनीही ऐकलं.

त्यांनी पाय धुतले. आत गेले. तुपाची वाटी घेऊन आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

मी तोंड उघडणार होते. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. पण अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परातीकडं वळले.

"विमानतळावर परत बघतात म्हणे बोटं," भावजी म्हणाले.

"व्हय की," अक्का म्हणाल्या, "लई कडक असतात म्हणे," आणि त्यांनी हात पुढं केला.