टकमामा आणि रुपयाएवढा रंग

टकमामा गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मालकाचं तोंड बंद करत. "दोन मिन्टं चूप बसा सर, गाडीले बोलू द्या." दिग्रसच्या बसस्टँडमागे त्यांचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तिथे मी पुढाऱ्यांनाही चूप बसलेलं पाहिलं आहे.

विजेचा बिघाड ते कानाने शोधत. स्विच दाबल्यावर पुढचा पुर्जा 'टक' वाजला तर ठीक, नाहीतर त्याची तार धरून मागे मागे जायचं. नाव त्यावरून पडलं. मीटर होतं, पण ते "गिऱ्हाइकाले दाखवाले". खरा भरवसा दोन तारा जोडलेल्या एका बल्बवर.

माझ्याकडे वडिलांची जुनी विलायती गाडी आहे. तिला ओव्हरड्राइव्ह आहे; म्हणजे चौथ्या गिअरमध्ये बटण दाबलं की वेग तोच राहतो आणि इंजिन दम घेतं. नागपूरच्या एका प्रदर्शनासाठी मी ती रंगवून घेतली, अगदी खालूनसुद्धा. खालून गाडी फक्त कुत्री बघतात, पण परीक्षक वाकतात असं ऐकलं होतं. गाडी रंगून आली आणि ओव्हरड्राइव्ह बंद पडलं.

पांढरे हातमोजे घातलेले एक तज्ज्ञ नागपूरहून आले. एक चक्कर मारून त्यांनी जाहीर केलं, गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. आमच्याकडे अशा खोललेल्या गाड्या पोत्यांत भरून गोदामात जातात आणि तिथेच राहतात. वडिलांच्या गाडीचं पोतं मला दिसू लागलं.

"काहून खोलता?" गाडी दुकानात नेल्यावर मामा म्हणाले. "पहिले टक होते का पाहू."

इंजिन बंद, चावी चालू, चौथा गिअर. मी बटण दाबलं. गाडीखाली आडवे झालेले मामा म्हणाले, "नाही." ओव्हरड्राइव्ह जोडताना टक वाजणाऱ्या, गिअरबॉक्सजवळच्या सोलेनॉइडपर्यंत करंट येत होता, बल्ब पेटत होता. मग त्यांनी बल्बची दुसरी तार सोलेनॉइडच्या अर्थिंगच्या तारेला लावली. अंधार. ती तार जिथे बोल्टने कसली होती, तिथे रंगाचा जाड थर होता.

"करंट येऊन राह्यला, वापस जायले रस्ताच नाही. पेंटरनं लय जीव लावला, सर."

"त्याला मीच सांगितलं होतं."

"मंग तुम्ही लावला."

त्यांनी बोल्ट काढून पॉलिश पेपरने रुपयाएवढा रंग खरवडला आणि बोल्ट परत कसला. मी बटण दाबलं. टक. दारव्हा रोडवर इंजिनाचा आवाज खाली बसला, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "त्या हातमोजेवाल्यायले सांगू नका. वाईट वाटन त्यायले."

प्रदर्शनात परीक्षक खरंच वाकले. 'तळाचा रंग उडालेला' असा शेरा मिळाला. बक्षीस जिला मिळालं ती गाडी ट्रकवरून आली होती आणि ट्रकवरूनच गेली.

मामा गेल्या वर्षी गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. परवा पेंटर घरी आला, गाडीखाली डोकावून हळहळला. "सर, तेवढा डाग मिटवून देतो न." मी त्याला शेजारी बसवून दारव्हा रोडला नेलं आणि चौथ्या गिअरमध्ये बटण दाबलं. इंजिनाचा आवाज खाली बसला. "हे त्या डागामुळे," मी म्हणालो.

"राहू द्या मंग," तो म्हणाला.