बायको नको म्हणतेय

सौदा करताना आम्हा नवराबायकोचं एक नाटक ठरलेलं असतं. मी गाडी बघतो, बॉनेट उघडतो, गाडीखाली आडवा होतो. विकणाऱ्याने किंमत सांगितली की मी बायकोकडे बघून खाकरतो. मग ती मराठीत कडाडते. ती काय बोलते याला काही महत्त्व नाही. एकदा एका शेतकऱ्याच्या अंगणात, फ्रीजमधली मेथी सडली तरी तुमचं लक्ष नाही, म्हणून तिने मला चांगलं झाडलं होतं. मी मान खाली घालून इंग्रजीत सांगतो, "माफ करा, बायको नको म्हणतेय." इथला इंग्रज माणूस दुसऱ्याच्या बायकोशी वाद घालत नाही. किंमत उतरते.

जुन्या अमेरिकन मसल कार शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, हा माझा धंदा. लांबलचक नाक, पोटात आठ सिलिंडरचं इंजिन, इथल्या गल्लीत वळवताना घाम फोडणाऱ्या गाड्या. लंडनजवळ स्लाऊला, ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे. नागपुरात स्कूटर खोलून शिकलो, इथे येऊन टायर बदलले, कुणाचं बोट न धरता इथवर आलो. म्हणूनच कुणी फसवलं की तो राग माझ्या पोटातून जात नाही. बर्मिंगहॅमच्या एका डीलरने मला एक गाडी 'वाळवंटातली आहे, गंजाचा ठिपका नाही' असं सांगून विकली होती. आतला गालिचा उचलला, तर खाली पत्राच नव्हता. नुसतं फायबर आणि पुट्टी. फोन केला तर म्हणाला, "बघून घेतलीस ना? मग तुझी." आणि हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं. तेव्हापासून माझ्या खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक असतं. पुट्टीवर ते चिकटत नाही.

नॉटिंगहॅमच्या पुढे एका गावात एक म्हातारी बाई दिवंगत नवऱ्याची गाडी विकत होती. मी फोन केला तर म्हणाली, "दुपारी बर्मिंगहॅमहून एक गृहस्थ येणार आहेत. तुम्हाला यायचं तर त्याआधी या." गृहस्थांचं नाव ऐकलं, तर तोच डीलर. ती गाडी त्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, एवढंच मनात बसलं. त्या दिवशी पौर्णिमा होती. बायको बर्मिंगहॅमच्या विहारात जायला पांढरी साडी नेसून तयार होती.

"आधी विहार, मग तुमचं भंगार," ती म्हणाली.

"आधी गाडी. तो राक्षस दुपारी येतोय."

"तुमच्या रागावर व्हॅन चालली असती ना, तर डिझेलचा खर्च वाचला असता."

म्हातारी गमबूट घालून दारात उभी होती. अंगात नवऱ्याचा ढगळ कोट. आम्हाला तिने मागच्या शेडमध्ये नेलं आणि गाडीवरची ताडपत्री एका कोपऱ्याने ओढली.

शेकडो गाड्या बघितलेला माणूस मी, पण जागच्या जागी उभा राहिलो. नारिंगी रंग. पिकल्या संत्र्याचा नव्हे, तर संत्रं सोलून ठेवल्यावर सालीवर जो थोडा करडा उतरतो, तसा. कुणी पॉलिश मारून खोटा तजेला आणलेला नव्हता. डाव्या खिडकीच्या कडेवरचा रंग घासून पत्र्यापर्यंत गेला होता. अमेरिकन गाडीत स्टिअरिंग डावीकडे असतं; कोपर टेकवून गाडी चालवणाऱ्या माणसाची ती खूण होती. मी चुंबक काढलं. दारावर, चाकांवरच्या कमानींवर, डिकीखाली, जिथे लावलं तिथे खट्ट चिकटलं. शेवटी मी ते लावायचं थांबवलं. देवळात कुणी भिंत ठोकून बघत नाही.

"चालू करा," म्हातारीने किल्ली दिली.

पहिल्यांदा इंजिन नुसतं कण्हलं. मग धरलं. आवाज आधी बरगड्यांत आला आणि नंतर कानात. शेडचे पत्रे थरथरले, फळीवरचा खिळ्यांचा डबा सरकत सरकत कडेला आला. तो आवाज मोठा होता, पण ओरडा नव्हता. कुणीतरी प्रचंड माणूस शांतपणे श्वास घेतोय, असं वाटत होतं. बायको पुढे आली आणि तिने बॉनेटवर तळवा ठेवला. पांढऱ्या साडीतली बाई, जी माझ्या गाळ्यात पदर वर धरून चालते.

इंजिन बंद केलं. म्हातारीने किंमत सांगितली. मी खाकरलो.

बायकोचा तळवा अजून बॉनेटवरच.

मी पुन्हा खाकरलो. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "अहो, घ्या ना ही."

शब्द कळले नाहीत तरी सूर म्हातारीला कळला. ती हसायला लागली. "आज जमलं नाही वाटतं तुमचं! आम्ही वेल्समधले. इंग्रजांसमोर आम्हीही वेल्शमध्ये असंच भांडायचो. आमच्यात कडक मी होते. हीच गाडी घेताना मी नवऱ्याला, कोंबड्यांना दाणे घातलेस का, म्हणून ओरडत होते." मग डोळे पुसून म्हणाली, "पण किंमत तीच."

नाटक पकडलं गेलं की माझं डोकं फिरतं. या पैशात दोन गाड्या येतात, असं काहीतरी मी ओरडलो आणि तडक व्हॅनमध्ये जाऊन बसलो. हाही माझा नेहमीचा डाव. फाटकापाशी पोहोचेपर्यंत मागून हाक येतेच.

हाक आली नाही. मी इंजिन चालू केलं, आरशात बघत राहिलो. दुपार जवळ येत होती. गावातल्या रस्त्यावर एखादी मोटार दिसली की मला तो डीलरच वाटायचा. बायकोही बाहेर येईना. शेवटी शेडमधून पुन्हा तो आवाज आला. व्हॅनच्या स्टिअरिंगवर ठेवलेल्या माझ्या हातांना तो कळला.

मी उतरलो. कुणी न बोलावता मी सौद्यावर परत गेलो, असं आयुष्यात एकदाच घडलं. दोघी गाडीत बसल्या होत्या, म्हातारी स्टिअरिंगवर आणि बायको शेजारी, हातात थर्मासमधल्या चहाचे कप, तिसरा कप डॅशबोर्डवर.

"तुमच्या किमतीला घेतो," मी म्हणालो.

"चहा गार झालाय," म्हातारी म्हणाली, "पण तुमच्यासाठी ठेवलाय."

परतताना बायकोच्या साडीवर बॉनेटच्या तेलाचा पंजा उमटलेला होता. तशीच ती विहारात गेली.

गाळ्यात आणल्यावर ब्रेक, पेट्रोलची टाकी, वायरिंग सगळं नवं घातलं. रंगाला मात्र हात लावला नाही. एरवी मी पत्रा उघडा करून आरशासारखा रंग मारतो. गिऱ्हाइकाला तेच आवडतं. इंजिनमागच्या भिंतीवरचं वंगण खरवडताना पिवळ्या खडूची एक बरोबरची खूण दिसली. कारखान्यातल्या कुणीतरी, मी जन्मायच्या आधी, समुद्रापलीकडे, तपासून झालं म्हणून केलेली. मी फडकं खाली ठेवलं आणि बायकोला बोलावून ती दाखवली. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

गाडी विकायला काढल्यावर तोही आला. बर्मिंगहॅमचा. मी किल्ली फिरवली. तो दोन्ही हात खिशात घालून उभा होता. इंजिन बंद झाल्यावरही काही वेळ तसाच. चुंबक त्याच्याही खिशात असणार, पण त्याने ते काढलं नाही. मग त्याने जी किंमत सांगितली, ती मी मागणार होतो त्याहून जास्त होती. माझी जीभ हो म्हणायला उचलली गेली. मी खाकरलोही नव्हतो.

मागून बायको मराठीत म्हणाली, "विका खुशाल. पण याला नको."

मी त्याच्याकडे वळलो. "माफ करा, बायको नको म्हणतेय."

तो हसला, पण त्या वेळच्या फोनवरचं हसणं नव्हे. हे नाटक त्यालाही ठाऊक असावं. मी किल्ली खिशात टाकली आणि गाळ्याचं शटर त्याच्यासाठी आणखी थोडं वर केलं, म्हणजे बाहेर जाताना त्याला वाकावं लागू नये.